धाकटीचे हजार शेकेल

प्रिय मापाड्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू दारातच ते फाडलं असशील. आधी खाली बस. पत्र लांब आहे आणि तुला जे हवंय ते पहिल्या ओळीत मिळणार नाही. धाकटी जिवंत आहे, जेवतेय, माझ्याशी भांडतेय, एवढं सांगून ठेवते, नाहीतर पुढचं तू धड वाचणार नाहीस. आणि तू धड वाचायला हवंस. तू संग्रहालयात दोनदा येऊन गेलास हेही मला कळलं. आमच्या पहारेकऱ्याचा फोन आला होता, ‘‘बाई, तुमचे मेहुणे आले होते, वजनांच्या कपाटासमोर बाकावर बसून राहिले, चेहरा पार उतरलेला, मी पाणी दिलं.’’ मी त्याला म्हटलं, पुढच्या वेळी देऊ नकोस. तो बिचारा हसला, त्याला वाटलं मी थट्टा करतेय. मी कुठे आहे ते त्याला माहीत नाही, तेव्हा त्याच्या मागे लागू नकोस.

त्या कपाटासमोर बसून तुला काय दिसलं रे? त्यातला प्रत्येक दगड तू हातात घेतलेला आहेस, माझ्या परवानगीने. तुमच्या प्रयोगशाळेकडून तू आमचा तराजू तपासायला आला होतास, काळी पेटी घेऊन, आणि माझ्या टेबलावर मांडलेले घुमटाच्या आकाराचे चुनखडीचे बोराएवढे दगड बघून म्हणालास, ‘‘या गोट्या कुणाच्या?’’ मी म्हटलं, अडीच हजार वर्षांहून जुन्या हिब्रू बाजारातली वजनं आहेत, हात लावायचं काम नाही. तू विचारलंस, एक शेकेल म्हणजे किती न्यूटन? मी म्हटलं, शेकेल म्हणजे साडेअकरा ग्रॅमच्या आतबाहेरचा दगड, त्याचा न्यूटनशी काय संबंध? झालं, तू सुटलासच. ग्रॅम म्हणजे वस्तूत ऐवज किती ते, न्यूटन म्हणजे जोर, पृथ्वी त्या दगडाला जितकी खाली ओढते तितका त्याचा जोर, आणि कागदसुद्धा न घेता हिशेब केलास की एका न्यूटनला जवळपास नऊ शेकेल बसतात. मी म्हटलं, तुझा स्प्रिंगचा ताणकाटा डोंगरावर नेला की कमी दाखवतो, माझा तराजू नाही दाखवत, कारण तिथे दोन्ही पारडी सारखीच हलकी होतात. तू म्हणालास, केसभर फरक. मी म्हटलं, फरक तो फरक. त्यावर आपण जेवणाची सुटी संपेपर्यंत भांडलो, आणि घरी जाताना मी उगाचच हसत होते.

मग तो खेळ सुरू झाला, कशाला किती जोर लागतो ते शेकेलमध्ये सांगायचा. संग्रहालयाचं मागचं दार अडीचशे शेकेलचं. लिफ्टचं बटण पंचवीस शेकेलचं. आमच्या संचालकांचं हस्तांदोलन जेमतेम शंभराचं, तेही देणगीदार समोर असला तर. आपल्या दोघांखेरीज हे कुणाला कळायचं नाही आणि कळू नये हीच त्यातली मजा होती. एकदा जिन्यात तू माझा हात धरलास. मी विचारलं, किती? तू म्हणालास, मोजत नाहीये. मी मूर्ख, मला ते फार आवडलं. मी तुला धाकटी वजनंसुद्धा शिकवली. शेकेलहून थोडा हलका तो नेत्सेफ, साधारण दोन तृतीयांश तो पिम, बरोबर अर्धा तो बेका, आणि गेरा म्हणजे नुसता दाणा, वीस मिळून एक शेकेल. दगडावरची खूण न वाचणाऱ्या गिऱ्हाइकाला नुसत्या आकड्यात गुंडाळणं किती सोपं गेलं असेल, असंही मीच तुला म्हटलं होतं. तू मन लावून ऐकत होतास. माझा विद्यार्थी म्हणून तू उत्तम होतास, यात वादच नाही.

आईला भेटायला येण्याआधी केस कापून ये, हेही मीच सांगितलं. आणि कुणाकडे पाठवलं? माझ्याच धाकट्या बहिणीच्या खुर्चीत. म्हटलं, घरचीच आहे, नीट कापेल. नीटच कापले तिने. केसाने गळा कापणं म्हणतात ते मी त्या आठवड्यात शिकले. तू आमच्याकडे आलास तो मान वळवून वळवून आरशात बघत, आणि आईने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर धाकटीकडे पाहून देत. नंतर मला तिच्याकडूनच कळलं की पहिल्याच दिवशी तू तिला तिच्या कात्रीचा जोर शेकेलमध्ये सांगितला होतास. माणूस एकीला सोडून दुसरीकडे जातो, जगात होतं तसं. पण जाताना खेळसुद्धा उचलून न्यायचा? दुसरा शोधायचास की. लग्नात मी पाहुण्यांचं हवंनको पाहिलं, आणि लोक म्हणाले, थोरलीचं मन किती मोठं. मन कसलं मोठं, मी दात आवळून होते. त्यानंतर तुम्ही दुसऱ्या गावी बिऱ्हाड केलंत, तिथे मी राहायला कधी आले नाही, याचं तुला नवल वाटायचं म्हणे.

आता मुद्द्याचं. कात्री गिऱ्हाइकाच्या मांडीवर पडली तेव्हा ती हसली होती. दुसऱ्यांदा पडली तेव्हा दुकान बंद करून गाडीने माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘‘ताई, बोटं माझं ऐकत नाहीत गं.’’ त्या दाढीवाल्या डॉक्टरकडे आपण तिघं गेलो होतो, आठवतंय ना? तो काही आडपडदा ठेवणारा नव्हता. हातातला जोर उतरत जाणार, गेलेला परत येणार नाही. पण इंजेक्शनांचा एक कोर्स आहे, परगावी, सहा महिने वॉर्डात, सोबत कुणाला राहता येत नाही. तो घेतला तर जे उरलंय ते टिकतं. अट एकच. मुठीचा जोर सत्तर न्यूटनच्या वर असायला हवा, त्याखाली गेलेल्या शरीराला तो कोर्स झेपत नाही आणि ते देत नाहीत. घरी मोजत राहा, सत्तरच्या जवळ यायच्या आत या, कधी यायचं ते तुम्ही ठरवा, म्हणाला. धाकटीला लहानपणापासून सुईची भीती. ती म्हणाली, आत्ता एकशे बारा आहे ना, मग उतरायला लागलं की जाऊ. तिला दोष देऊ नकोस. वॉर्डात एकटीनं सहा महिने राहायचं म्हटल्यावर कुणाचीही पाचावर धारण बसेल.

घरी आल्यावर तू तिचा आकडा शेकेलमध्ये केलास. एकशे बारा ऐकून ती हिरमुसायची म्हणे, हजार ऐकून खुलायची. इथपर्यंत मी तुला काही बोलत नाही. तू तिला अटसुद्धा शेकेलमध्ये करून दिलीस: सत्तर न्यूटन म्हणजे सहाशे तीस. तिने ते पाठ केलं. फोनवर मला सांगायची, ‘‘ताई, सहाशे तीसच्या खाली गेले की जायचंय, पण मी अजून हजारावरच आहे!’’ दर वेळी हजार. कधी नऊशे अठ्ठ्याण्णव, कधी हजार एक. तू म्हणशील, मला तेव्हाच कळायला हवं होतं. म्हण. मला वाटलं, काही आजार सावकाशीने येतात, बरं आहे. आणि खरं सांगू, तिच्या तोंडून ‘शेकेल’ ऐकलं की मी फोन लवकर आटपायची.

त्याच सुमाराला तुझा निरोप आला होता. कित्येक वर्षांत पहिला. ‘‘नेत्सेफ दहा ग्रॅमच्या आत की बाहेर?’’ एवढंच. मी कामावरून उठून, वजनं पुन्हा तोलून तुला उत्तर पाठवलं, की थोडा आत, आणि खाली आणखी एक ओळ लिहिली, मागचं दार अजून अडीचशेचंच आहे म्हणून. तू उत्तर दिलं नाहीस. काही महिन्यांनी पुन्हा, ‘‘पिम नक्की किती?’’ मला वाटलं, तुला माझी आठवण येतेय. हसू नकोस. मला खरंच तसं वाटलं, आणि त्या दिवशी मी नवी साडी नेसून कामावर गेले. तू मात्र बायकोचा पडता हात लपवायला माझ्याकडून एकेक दगड मागून नेत होतास. शहाण्णव न्यूटनला नेत्सेफ, सत्त्याहत्तरला पिम. तिचा हात खाली चालला होता आणि तू वजन बदलत होतास, आकडा हजारच राहावा म्हणून. अट तेवढी, ते सहाशे तीस, शेकेलमध्येच ठेवलीस, त्या आकड्याला हात लावला नाहीस. सत्त्याहत्तर होते रे तेव्हा. पिमवर होतास तेव्हा वेळ होती. त्या दिवशी तिला गाडीत घालून नेलं असतंस तर आज तिला स्वतःच्या हाताने वेणी घालता आली असती.

तुमच्या गावात आमच्या संग्रहालयवाल्यांची बैठक होती म्हणून मी नाइलाजाने तुमच्याकडे उतरले. संध्याकाळी चहा झाल्यावर तू कपाटातून मुठीचा जोर मोजायचं ते यंत्र काढलंस. तिच्या हातात देताना तबकडी स्वतःकडे वळवलीस. तिने ओठ दाबून मूठ आवळली, तू डोळे मिटून हिशेब केल्यासारखं केलंस आणि सर्कशीतल्या माणसासारखा ओरडलास, ‘‘एक हजार आठ!’’ ती टाळ्या वाजवायला गेली, पण तळवे नीट जुळले नाहीत. मी यंत्राकडे बघत नव्हतेच, तिचं मनगट बघत होते. त्याआधी चहाचा कप तिने दोन्ही हातांत धरून उचलला होता आणि बाटलीचं झाकण उघडायला माझ्याकडे दिलं होतं. हजार शेकेल जोर असलेली बाई झाकण उघडायला दुसऱ्याकडे देत नाही. तू माझ्याकडे एकदा बघितलंस आणि लगेच कप गोळा करायला लागलास. तेव्हाच मी समजले.

सकाळी तू कामावर गेलास आणि मी कपाट उघडलं. तिला म्हटलं, दाब. ती म्हणाली, ‘‘अगं, रोज संध्याकाळी करतो आम्ही.’’ मी म्हटलं, माझ्यासाठी एकदा. काटा छप्पन्नवर थांबला. छप्पन्न न्यूटन, म्हणजे पाचशेच्या आसपास शेकेल. बेकात धरलं तर एक हजार आठ, अगदी तू ओरडलास तेवढेच. हिशेबात तू कधी चुकत नाहीस. तबकडी मी तिच्याकडे वळवली. तिने विचारलं, छप्पन्न काय, किलो? मी सांगितलं. सगळं सांगितलं, एकेक दगड कोणता, कधीपासून, किती वजनाचा. तू आता म्हणशील, हळूहळू सांगायला हवं होतं. हळूहळू तर तू करत होतास, दीड वर्ष. ती रडली नाही. तिने एकच विचारलं, ‘‘सत्तर गेलं का ताई?’’ मी हो म्हटलं. ती म्हणाली, माझ्या केसांना तेवढी पिन लाव आणि मला इथून घेऊन चल. दुपारच्या गाडीने आम्ही निघालो. यंत्र तुझ्या कपाटातच ठेवलंय, जागच्या जागी.

इथल्या डॉक्टरने तिला तपासलं. चांगला माणूस आहे, तिच्याशी नीट बोलला. मग मला बाजूला घेऊन विचारलं, उन्हाळ्यात का नाही आणलंत? मी म्हटलं, घरी मोजणारा माणूस फार हुशार होता. त्याला अर्थ कळला नाही. कोर्स मिळणार नाही, ते संपलं. पुढे बोटं जातील, मग मनगटं, मग खांदे, आणि त्यानंतर काय ते तुला तो दाढीवाला सांगेलच, त्याला भेट. जाताना आरशात बघून जा, केस वाढले असतील.

तुझे निरोप मी ऐकले. फोन तिचा असला तरी तिला बटणं दाबवत नाहीत, तो माझ्याकडेच असतो. तू म्हणतोस, काटा पहिल्यांदा खाली आला तेव्हा ती जेवली नाही, रात्रभर रडली, तुला ते बघवलं नाही. एकदा थाप मारली की दुसऱ्या दिवशी खरं सांगताच येईना, रोज उद्या सांगू म्हणत राहिलास. तू म्हणतोस, ती आनंदात होती, हे तरी मान. मानते. दीड वर्ष तू तिला आनंदात ठेवलंस आणि त्यापायी तिचे दोन्ही हात घालवलेस. आणि एक गोष्ट तू कुठल्याच निरोपात बोलला नाहीस, ती मी बोलते. तुला ते सहा महिने तिच्याशिवाय काढायचे नव्हते. घर रिकामं नको होतं. मी तर एवढी वर्षं रिकाम्याच घरात काढली, कुणी मेलं नाही. पण माझ्यासाठी तू सहा मिनिटंसुद्धा थांबला नसतास आणि तिला एक दिवस सोडवेना, हे वाचताना तुला लाज वाटायला हवी. मला काय वाटतं ते विचारू नकोस.

आता हे का लिहितेय ते. पहिले काही दिवस ती तुझं नाव काढू देत नव्हती. मग एकदा तुझ्यासारखं डोळे मिटून हिशेब करायची नक्कल करून दाखवली आणि हसली. परवा म्हणाली, ‘‘तो दुष्ट नाही गं ताई, भित्रा आहे. मीही भित्रीच की.’’ आज सकाळी म्हणाली, ‘‘मला पेन धरवत नाही, तूच लिही त्याला. म्हणावं, चूक केलीस, पण ये. मला बोटं हलताहेत तोवर तुझे केस एकदा कापायचेत. आणि पत्ता नीट लिही, घराच्या खुणेसकट, तो रस्ते चुकतो.’’ तेव्हापासून समोर खिडकीपाशी बसलीये आणि मी लिहितेय ते बघतेय. तिला वाटतंय, हे तेच पत्र आहे. मगाशी म्हणाली, एवढं काय लिहितेस, पत्ता लिहिलास ना? मी म्हटलं, सगळ्यात आधी तोच लिहिला. ती खूश झाली, चष्मा मागितला, मी पुसून घालून दिला, पण कागद तिला धरता येत नाही आणि मी तो तिच्या डोळ्यांपुढे धरणार नाही. या पत्रात पत्ता नाही, मापाड्या. शोधू नकोस, पाकीट उलटंपालटं करू नकोस. कामानिमित्त प्रवासाला निघालेल्या एका बाईकडे मी ते देणार आहे, ती वाटेत कुठेतरी टाकेल, शिक्का तिथलाच पडेल. तिने तुला बोलावलंय, हे तुला कळावं एवढ्यासाठीच हे लिहिलं. उद्यापासून ती रोज विचारेल, पत्र पोचलं असेल का? मी म्हणेन, पोचलं असेल. मग विचारेल, निघाला असेल का? मी म्हणेन, कामात अडकला असेल, येईल. ती दाराकडे तोंड करून बसेल आणि मी तिला अशीच आनंदात ठेवीन.

तुझीच होता होता राहिलेली,
थोरली